वैजंतेच्या आईचा दहावा

"म्हणजे आईचा माझ्यावर भरवसा नव्हता, असंच ना, माय?"

गिरीमाय पावटे सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बोला की. नव्हता ना?"

"काय झालं ते आधी सांग."

वैजंता मठाच्या पायरीवर टेकली. खाली नदीच्या घाटावर तिच्या घरची माणसं अजून होती. आईचा दहावा उरकून भांडी गोळा करत होती. ती मात्र तिथून तडक उठून मठात आली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर तिचे हात कापायचे, रात्र रात्र डोळा लागायचा नाही, तेव्हा या म्हाताऱ्या संन्यासिणीनंच तिच्या उशाशी बसून तिला पेज पाजली होती. गावात बाकी कुणाचं दार उघडं नव्हतं.

आणि उघडं असणार तरी कसं? दारू तिला नवऱ्यानंच शिकवली. अंगदुखीवर बरी असते म्हणाला. तो पिऊन पिऊन मेला, तर चांगला माणूस वाया गेला म्हणून गाव हळहळलं. वैजंता प्यायली, तर त्याच गावानं तिच्या हातचं पाणी टाकलं. गावाची तऱ्हाच न्यारी, दुसरं काय.

तिचा मुलगा तिच्या आईनं नेला होता. "धड झालीस की घेऊन जा," म्हातारी म्हणाली होती. वैजंता धड झाली. पोळ्यापासून थेंब नाही. आता पोराला आणायला जायचं, असं तिनं ठरवलं, आणि म्हातारीच गेली.

"चांगली ताठ मानेनं गेले होते घाटावर," वैजंता म्हणाली. "म्हटलं, बघू देत सगळ्यांना. माझ्या पायांवर उभी आहे मी."

"हं."

"पिंड ठेवला. कावळा काही येईना. पिंपळावर बसून बघत होता मेला, खाली उतरेना. दादा म्हणाला, आई, धाकटीचं लग्न मी करून देईन. नाही आला. म्हणाला, तुझी म्हैस विकणार नाही. नाही आला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले."

"तुझ्याकडं का?"

"आत्या म्हणाली, हिच्यातच जीव अडकलाय म्हातारीचा, हिलाच बोलू दे. मी पुढं झाले. चारचौघांत हात जोडले. म्हणाले, आई, मी परत पिणार नाही..."

गिरीमायनं शेंग मोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली.

"मग?"

"जागचा हलला नाही. मग दादा बोलला. आई, तुझ्या नातवाला मी हिच्या हाती देणार नाही. एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि कावळा खाली आला. शिवला, माय. लगेच शिवला."

घाटावर सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. सुटली म्हातारी, म्हणाले. भटजींनी दर्भ टाकून दिला. वैजंता जोडलेले हात घेऊन तशीच उभी राहिली होती. तिच्याकडं बघायची आता कुणाला गरज उरली नव्हती.

"भूक लागली असेल त्याला तेव्हा," गिरीमाय म्हणाली.

"थट्टा करू नका. दादाच्या हातात आयतं कोलीत मिळालं. आईनंच निवाडा दिला म्हणतो. पोरगं शेजारीच उभं होतं त्याच्या. त्यानं ऐकलं सगळं. मामाच्या मागं लपलं ते मला बघून."

"आणि तुला काय वाटतं?"

"मलापण तेच वाटतं. आईनंच सांगितलं."

आता मात्र वैजंतेचा बांध फुटला.

"पीत होते तेच बरं होतं. कुणी काही बोललं तरी लागायचं नाही. सोडली तेव्हापासून एकेक शब्द काट्यासारखा रुततो. नवऱ्याचा राग येतो, आईचा येतो, माझी मलाच किळस येते. हे सगळं सोसायचं ते कुणासाठी? पोरासाठी सोडली, तर पोरगंच नाही. ओढ्यापलीकडं गुत्ता आहे. इथून उठले तर पाय तिकडंच वळतील माझे."

"वळू देत."

वैजंता बघतच राहिली. ही बाई आपला हात धरेल, जाऊ नको म्हणेल, एवढ्याच आशेनं ती चढ चढून आली होती.

"तुम्ही तरी अडवायचं होतं, माय."

"अडवते. मी मेल्यावर कोण अडवणार? तुझ्या आईच्या दहाव्याला तू एका कावळ्याच्या तोंडाकडं बघितलंस. आता माझ्याकडं बघतेस."

वैजंतेला संताप आला. डोळे पुसत ती उठली.

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही संन्यासी माणूस. भगवं नेसलात की लोक पाया पडतात. तुमच्याकडं कुणी बोट दाखवलंय कधी?"

गिरीमायचे हात पहिल्यांदाच थांबले.

"भगवं नेसायच्या आधी काय करावं लागतं, ठाऊक आहे?"

"नाही."

"आपलं श्राद्ध आपणच घालायचं. जिवंतपणी. आपला पिंड आपल्याच हातानं ठेवायचा. मी इथंच ठेवला, या घाटावर. सासरचे आले होते, माहेरचे आले होते. हिनं नवरा खाल्ला, दीर नासवला, आता सोंग आणतेय, असं माझ्या तोंडावर बोलत होते. माझ्या सख्ख्या भावानं पैज लावली होती, कावळा हिच्या पिंडाकडं ढुंकून बघायचा नाही म्हणून. पिंपळाखाली उभं राहायला जागा नव्हती."

वैजंता पायरीवर परत बसली. आईचा दहावा, दादा, गुत्ता, क्षणभर सगळं विसरली ती. तिला आता एवढंच जाणून घ्यायचं होतं.

"मग, माय? ...शिवला का?"

गिरीमायनं पदरातली टरफलं झाडली. सूप उचललं आणि आत जायला वळली.

"बघायला थांबलं कोण?"