केरबा गुरुजी धागा सोडत नाहीत

एका गावात एक भोळा गुरुजी होता. नाव केरबा. नोकरी कच्ची. तालुक्याचे साहेब येऊन वर्ग बघणार, तेव्हा कुठं ती पक्की व्हायची. आणि साहेबांचा हुकूम काय, तर दुसरीच्या पोरांना रहस्यकथा शिकवा!

केरबानं सुरुवात केली. "एका घरातले लाडू चोरीला गेले. मांजरीनं खाल्ले. संपली गोष्ट."

पोरं म्हणाली, "मग आता?"

"आता घरी जा."

मोठ्या बाई धावत आल्या. "अहो गुरुजी, चोर कोण ते इतक्यात सांगायचं नसतं! दम धरायचा."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं बाईंचा डबा पळवला. केरबाच्या समोरून. बाई शोधून दमल्या. "गुरुजी, माझा डबा कुणी नेला हो?"

"इतक्यात सांगायचं नसतं. दम धरा."

बाईंनी दम धरला. तोवर कुत्र्यानं भाकरी खाल्ली, झुणका खाल्ला, डबाही लख्ख चाटला.

"अहो, चोर दिसला की बोंब मारायची! धरून ठेवायचं त्याला!"

"बरं बाई."

मग वर्गात चोर-शिपायाचा खेळ मांडला. चिमुकली बायजा चोर झाली. तिनं खडू लपवला. केरबानं तिचा हात धरला आणि बोंब ठोकली, "चोर! चोर!" अख्खं गाव काठ्या घेऊन आलं. बायजाचा आजा सगळ्यात पुढं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आधी धागेदोरे शोधायचे असतात. धागा हाती लागला की सोडायचा नाही. तो नेईल तिकडं जायचं. टोकाला चोर सापडतो."

"बरं बाई."

साहेब आले. अंगात बायकोनं विणलेला तांबडा स्वेटर. मागून एक दोरा लोंबत होता. केरबानं तो हळूच धरला. "पोरांनो, धागा!" पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांना वाटलं, वर्ग काय रंगलाय! "गुरुजी, तुमची नोकरी पक्की," म्हणाले आणि फटफटीवर बसून निघाले.

केरबानं धागा काही सोडला नाही.

साहेब पुढं, दोरा मागं. बाभळीवरून, ओढ्यावरून, थेट तालुक्यापर्यंत. वाटेत साहेब म्हणत होते, "आज गारठा फार!" दोऱ्यामागून केरबा, केरबामागून सगळी दुसरी.

कचेरीत साहेब खुर्चीत बसलेले. अंगात बनियन आणि नुसत्या दोन बाह्या. केरबाच्या कागदावर सही करायला पेन उचललेलं.

केरबानं तोच हात धरला. "सापडला रे चोर!"

"अहो, मी काय चोरलं?"

"स्वेटर!" केरबा गरजला. "सकाळी आमच्या साहेबांच्या अंगात होता!"