वस्तादाची पाठ

"...मग ही कुस्ती मारायची कशी, तेवढं सांगा की, वस्ताद!"

हिंदुराव पैलवान तालमीच्या उंबऱ्याशी बसला होता. एके काळी त्याच्याशी हात मिळवायला भलेभले गडी बिचकायचे. आता दुसरी केमो होऊन दहा दिवस झाले होते आणि पटका नुसत्या कातडीवर बसत होता. मातीत उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ऐंशीचे दादू वस्ताद हौद्यातली लाल माती खणत होते.

"खातोस काय?"

"पहिल्या खेपेला तांब्याभर दूध एका दमात प्यालो. तसंच्या तसं उलटलं."

"आणि आता?"

"बायको तासातासाला दोन घोट पेज देती. तान्ह्या पोरागत."

"पोटात राहतीय?"

"राहतीय."

"मग पी की गुमान! रुबाब कुणाला दाखवतोस?"

"दिवसासुद्धा पडून राहावं लागतंय. लाज वाटती, वस्ताद."

"पडत जा."

हिंदुरावच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. 'झेपत नाही' असं उभ्या जन्मात तो कधी बोलला नव्हता. आता कसल्या तोंडानं बोलणार?

...

वस्तादांनी खोरं ठेवलं. सावकाश खाली बसले आणि मातीत सरळ उताणे झाले. दोन्ही खांदे टेकले.

हिंदुराव उंबऱ्यावरून उठून हौद्याच्या काठाशी आला. अख्ख्या हयातीत ही पाठ कुणी मातीला लावली नव्हती!

"वस्ताद! अहो, हे काय?"

"मला उठवत नाही. हात दे."

धोतराला हात पुसून त्यांनी वर केला. हिंदुरावनं काठावरूनच वाकून तो धरला आणि सगळा जोर लावून ओढलं. वस्ताद उठले, पण हात काही सोडला नाही.

"कधीपासून आहे?"

"...काय?"

"ताप."

पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काल सांजपासून."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ताप आला की तडक या, वेळ बघू नका... पण लोक म्हणतील, हिंदुरावनं हाय खाल्ली."

वस्तादांनी अंगरखा चढवला नाही, पाठीची मातीही झटकली नाही. तसेच रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली आणि हिंदुरावला आधी आत बसवलं.

"वाटेत भेटेल त्याला सांग, दादू वस्तादाची पाठ लागली. दवाखाना येईपर्यंत सांगत राहा."