शिवराम कंडक्टरकडचा चहा

"मग काय सर, उद्या पिशवी लावून मोकळं व्हायचं का?"

उमराणीकर डॉक्टरांनी विचारलं आणि हसले. वय पस्तिशीचं, मोठ्या शहरातून शिकून आलेले. हाताला यश होतं, त्यात खोटं नाही.

त्यांचे गुरू बेडगे सर बेसिनशी हात धूत होते. ते धूतच राहिले...

बोलणं हौसाबाईचं चाललं होतं. बुधवारच्या बाजारात भाजी विकणारी बाई. शौचाच्या जागेपासून दोन बोटं वर कॅन्सरची गाठ, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

मी वॉर्डातला जुना मामा. शाळा पाहिली नाही, पण पेशंट उचलता-ठेवता एवढं कळत गेलं, की अशा गाठीला दोन उपाय. एक, खालची जागा गाठीसकट काढून शिवून टाकायची आणि पोटावर पिशवी लावायची. ती जन्माची. दुसरा, गाठ तेवढी काढायची, आतडं खाली ओढून जागेला जोडायचं. मग शौचाला नेहमीसारखं, पिशवी नाही. काम फार नाजूक. उमराणीकरांना ते येत होतं.

"तुमच्या काळात हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून पिशव्या," ते म्हणाले. "मी एकतीस जणांची जागा वाचवली, सर."

"खरंय. नव्हता पोचत."

"मग हौसाबाईच्या कागदावर 'थांबा' का लिहिलंत? पिशवी लागणार नाही, असा मी तिला शब्द दिलाय."

सरांनी सावकाश हात पुसले. "चल, चहा पिऊन येऊ."

"कँटीनला?"

"शिवरामकडं."

शिवराम घोलप एसटीत कंडक्टर. दीड वर्षामागं उमराणीकरांनीच त्याचं ऑपरेशन केलेलं. एकतिसांतला पहिला. घर दवाखान्याच्या मागं, दुसऱ्या गल्लीत. सरांचे गुडघे दुखतात, म्हणून मी बरोबर गेलो.

शिवराम दारातच पाया पडायला वाकला. "देवमाणूस आला घरी! सुला, चहा टाक."

उमराणीकरांनी सरांकडं बघितलं. पाहिलंत ना, असं.

आत भिंतीला खाकी कपडे टांगलेले, इस्त्री केलेले. परसाच्या दाराशी पाण्यानं भरलेला तांब्या. तिथंच चपला, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

"कसं आहे, शिवराम?"

"एकदम बरंय साहेब, तुमच्या कृपेनं काय सुदिक त्रास..."

वाक्य राहिलं तिथंच. तांब्या उचलला आणि परसात गेला.

त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, चहा आणला. तीन कप.

"त्यांना?" उमराणीकरांनी विचारलं.

"त्ये न्हाई घेत. आपरेशनपासनं घोट आत गेला की धावत्यात." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सकाळपासनं ही अकरावी खेप."

शिवराम आला. तांब्या भरून दाराशी ठेवला, सतरंजीवर टेकला. सरांनी त्याला गावाकडचं काही विचारलं. सांगता सांगता तो परत उठला...

या वेळी बराच वेळ लागला. उमराणीकरांच्या चहावर साय धरली.

"माफ करा साहेब," परत येऊन शिवराम म्हणाला. "आमच्या एसटीत एक घंटी मारली की गाडी थांबती, दोन मारल्या की निघती. सव्वीस वर्षं मीच मारली घंटी. आता कुणीतरी माझ्याच पोटात कंडक्टर होऊन बसलाय. नुसत्या दोन-दोन घंट्या मारतोय. एक काय मारंना मेला!"

तो हसला. मीही हसलो. सुलाबाई आत निघून गेली.

"ड्युटीवर कधीपासून जाताय?" उमराणीकरांनी विचारलं.

"गेलो हुतो की. एक दिवस." शिवराम खाकी कपड्यांकडं बघत राहिला. "घाटात हुतो. गाडी गच्च भरल्याली... लोक उतरून चालत गेले साहेब. बायाबापड्या. नाकाला पदर लावून."

उमराणीकरांनी कप खाली ठेवला.

"पोरीच्या लग्नातबी मांडवामागंच हुतो. मंगलाष्टकं ऐकली तेवढी."

"अहो, पण दर महिन्याला तपासणीला येता! बोलला का नाहीत?"

"तुम्ही इचारायचा, रक्त पडतंय का. न्हाई. दुखतंय का. न्हाई. गाठ परत आली का, तर तीबी न्हाई." शिवरामनं मान खाली घातली. "आन् तुम्ही माझ्याकडं बोट करून शिकाऊ डॉक्टरांना सांगत हुता, बघा, ह्याची जागा वाचवली. तुमचं मन कसं मोडायचं?"

आणि तो पुन्हा उठला. तांब्या उपडा करून बघितला, तसाच रिकामा ठेवला आणि पोट धरून पळाला.

बेडगे सर भिंतीला धरून उभे राहिले. तांब्या घेतला. मोरीतल्या पिंपावर वाकले. गुडघा मोडल्यागत वाजला.

"सर, द्या, मी..." उमराणीकर धावले.

सरांनी दिला नाही. तांब्या काठोकाठ भरला आणि परसात जाऊन संडासाच्या दाराबाहेर ठेवला.

परतताना गल्लीच्या वळणावर उमराणीकर थांबले.

"सर... बाकीचे तीस?"

सर चालत होते.

"म्हणजे तिला पिशवीच लावायची? तुमचंच बरोबर?"

"मी पिशवी लावली होती एकीला," सर म्हणाले. "चांगली बसली होती. टाका सुद्धा पिकला नाही. नवऱ्यानं तिचं ताट पडवीत मांडलं, अंथरूण गोठ्यात टाकलं. दिवाळीच्या आत तिनं विहिरीत उडी घेतली."

उमराणीकरांनी तोंडावरून हात फिरवला. मघाचा तो चेहरा राहिला नव्हता.

"मग उद्या करू काय, सर? तुम्ही सांगाल ते करतो."

"हौसाबाई बाजारात किती वेळ बसते?"

"दिवसभर बसत असेल."

"तिथं संडास कुठं आहे?"

"...मला काय माहीत, सर?"

दवाखान्याचं फाटक आलं होतं. वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डाची खिडकी उघडी होती. सर तिकडं बघत उभे राहिले...

"तिला माहीत आहे."