सरसूची दवंडी

डोंगराच्या कुशीत, चाफ्याच्या सावलीत एक चिमुकली वाडी होती. तिथला दवंडीवाला म्हणजे सरसूचे बाबा. तापात त्यांचा आवाज गेला आणि डफडं आठ वर्षांच्या सरसूच्या गळ्यात आलं. घरात पीठ असलं तर मीठ नसे. पोर मोठी गुणाची, पण दवंडी द्यायची ती जीव मुठीत धरून. डफडं बडवता बडवताच बोलायची! कुणाला काही कळेल तर शपथ.

एका सोनेरी सकाळी तिला दिसलं, की गावच्या विहिरीत विषारी कण्हेरीच्या फांद्या पडल्या आहेत. आणि बायका तर घागरी घेऊन आल्यासुद्धा! सरसूला रडूच कोसळलं.

"माझं कोण ऐकणार?"

तोच विहिरीवरच्या चाफ्यातून एक इवलीशी परी उतरली. मोरपिशी पंख, पायांत दवाचे पैंजण.

"रडू नकोस गं चिमणे. तीन इच्छा माग. पण स्वतःसाठी मागशील ते एका दवंडीपुरतं टिकेल. दुसऱ्यासाठी मागशील ते जन्मभर."

"मग मला मोठ्ठा आवाज दे!"

सरसूचा आवाज ढगासारखा गडगडला. पाखरं उडाली, तान्ही बाळं भोकाड पसरून रडली, बायकांनी कानांवर हात ठेवले. ऐकलं कुणीच नाही.

"नको बाई! गोड आवाज दे!"

अहाहा, काय तो मधाळ सूर! "गळा काय गोड आहे पोरीचा!" म्हणत यमुनाकाकूंनी डोलत डोलत घागर भरलीसुद्धा. कौतुक झालं, काम काही झालं नाही.

तिसरी इच्छा ओठांवर आली आणि सरसूला दारात बसून नुसते ओठ हलवणारे बाबा आठवले. तिचा जीव तुटला. ही इच्छा ती स्वतःवर खर्चणार नव्हती.

तिनं डफडं उतरवलं आणि ती ताठ, गप्प उभी राहिली. गप्प दवंडीवाली वाडीनं कधी पाहिलीच नव्हती! सगळ्यांच्या माना वळल्या. मग यमुनाकाकूंच्या डोळ्यांत बघत, आपल्याच इवल्या आवाजात ती सावकाश म्हणाली,

"काकू, घागर ओतून द्या. विहिरीत कण्हेर पडलीय. कुणीही पाणी पिऊ नका."

घागर उपडी झाली. विहीर उपसायला सगळी वाडी लोटली.

"आणि तिसरी इच्छा?" परीनं विचारलं.

"माझ्या बाबांना त्यांचा आवाज दे."

परी गोड हसली. केशरी, रुपेरी उजेडाचा लोट उठला आणि ती त्यात विरून गेली.

पलीकडच्या आळीतून खणखणीत हाक आली, "सरसू! ए सरसू!"

"ओ, बाबा!" म्हणत सरसू धावत सुटली.