पहिलं काडतूस

"मग तुमीच सांगा बाबा. हातानं भरल्यालं बरं, का कारखान्याचं?"

केरबा चौगुले हे तिसऱ्यांदा विचारत होता.

टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर दस्तगीर मुजावर बसले होते. पाच गावं त्यांना बाबा म्हणत. एकेकाळचे पट्टीचे शिकारी. शिकार सोडून वीस वर्षं झाली होती, पण उसातली डुकरं हाकायला लोकांनी लायसन काढून ठेवलेल्या बंदुका अजून त्यांच्याच हातून नीट होत. उडवलेली पितळी काडतुसंही तेच पुन्हा भरून देत.

ती विद्या केरबा त्यांच्याकडे तीन वर्षं शिकला. सगळं शिकला. भरताना तोंड बंद ठेवायला तेवढं शिकला नाही.

बाबांचे नियम दोनच. भरताना बोलायचं नाही. आणि दहा काडतुसं भरली की पहिलं आपण उडवायचं, आपला गाल बंदुकीला लावून. मगच उरलेली नऊ दुसऱ्याच्या हातात द्यायची.

"कारखान्याचंच बरं," केरबाने आपणच उत्तर देऊन टाकलं. "खोक्यावर नाव असतंय. समदी एकासारखी एक. एखादं वंगाळ निघालं तर दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन टाकता येतंय. मी तर ठरवलंय. हातानं भरायचं बंद. समदी हत्यारं हिरीत टाकतो."

बाबांनी त्याच्या धोतराकडे पाहिलं.

"बोला की."

"कंच्या वाटेनं आलास?"

केरबाने खाली पाहिलं. धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती.

"वरच्या."

वरची वाट म्हणजे गवतातून कोसभराचा वळसा. तिने गुराख्याशिवाय कोणी येत नाही. खालची वाट सरळ आहे, आणि ती शिदू गुरवाच्या अंगणातून जाते.

आठ दिवसांपूर्वी शिदूच्या हातात बंदूक फुटली होती. उसात डुकरं शिरली म्हणून त्याने बार काढला आणि नळीच फाटली. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली. शिदू देवळात सनई वाजवायचा. त्याचा बापही वाजवायचा.

काडतूस केरबाने भरलेलं होतं.

"शिदू काय म्हनतोय?" बाबांनी विचारलं.

"नळी जुनी हुती म्हनतोय. आज्याच्या येळची. दवाखान्यात समद्यास्नी त्यानं तेच सांगितलं."

"आन् तू?"

"मीबी तेच सांगितलं."

बाबा उठले. आतल्या कोनाड्यातून त्यांनी एक काडतूस आणलं. चिंचेने घासून लख्ख केलेलं पितळ. तोंडाशी बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर शाईने अक्षर काढलेलं होतं, 'के'.

केरबाने ते लांबूनच ओळखलं. गेल्या महिन्यात रुमालात गुंडाळून त्यानेच आणून दिलं होतं. शिदूसाठी भरलेल्या दहांतलं पहिलं. नियमाने ते उडवायचं. पण इतकं देखणं उतरलं होतं की त्याचा धूर करायला त्याचं मन होईना. त्यापेक्षा बाबांना दाखवावं, बाबांनी शाबासकी द्यावी, असं त्याला वाटलं. उरलेली नऊ त्याने शिदूला देऊन टाकली.

बाबांनी भिंतीवरची आपली बंदूक काढली. बिजागरीवर मोडली, काडतूस आत सारलं, मिटली. अंगणात येऊन समोरच्या मातीच्या बांधावर नेम धरला आणि दस्त्याला गाल लावला.

"बाबा..."

"कारखान्याच्या तोंडात मारंल असं हाय, आनून दिलंस तवा तूच म्हनाला हुतास."

त्यांचं बोट चापावर गेलं.

केरबाने ओट्यावरून उडी टाकली आणि दोन्ही हातांनी नळी वर ढकलली.

"उडवू नगा."

"का?"

केरबाने नळी सोडली नाही.

"का रं?"

"त्यात दारू किती पडलीया, मला ठावं न्हाई."

बाबांनी बंदूक खाली घेतली. टळटळीत दुपार होती. बांधावरचा सरडासुद्धा हलला नाही.

मग केरबा खाली मान घालून बोलायला लागला. भरायला बसला त्या दिवशी दारात चार माणसं जमली होती. हात चालला होता आणि तोंडही चाललं होतं. बाबांपेक्षा आपला हात कसा बसलाय, हेच तो सांगत होता. सांगता सांगता एका काडतुसापाशी हात थबकला. ह्यात दारू घातली, का घालायची राहिली? आठवेना. उडवलेल्या काडतुसाचा तळ धुराने काळा, दारूही काळी; वरून पाहून कळत नाही.

"मग समदी वतून परत का भरली न्हाईस?"

"चार मानसं बगत हुती, बाबा. लाज वाटली."

"मग?"

"घातली. घालून ठासली. आदीच पडली असंल तर दुप्पट झाली. ते एकच हुतं का आनिक हुती, तेबी सांगता यायचं न्हाई. शिदू आज्याच्या बंदुकीला नावं ठेवतोय, आन् मी उशाला बसून मान डोलवतोय. जेवताना माजा हात मला बगवंना."

बाबांनी बंदूक मोडून काडतूस बाहेर काढलं.

"मीबी तुला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "पयलं काडतूस हितं कसं, उडवलं का न्हाईस म्हनून. तू कौतुकानं आनलंस, मला ग्वाड लागलं. कोनाड्यात ठेवून दिलं."

त्यांनी बंदूक आत नेऊन भिंतीवर टांगली.

"काल शिदूकडं जाऊन आलो. माजं तेवडं सांगून आलो."

केरबाने दचकून वर पाहिलं.

"माजं नाव घेतलंसा?"

"तुजं तुज्यापाशी हाय."

केरबा पायरीवर बसला. टॉवेलात तोंड घालून बराच वेळ रडला. कारखान्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. रडणं ओसरल्यावर तो उठला, धोतराची कुसळं काढायला लागला आणि निम्म्यातच थांबला.

"मी काय करू, बाबा?"

बाबांनी त्याचा डावा हात धरला. तळव्यावर ते काडतूस ठेवलं आणि त्यावर त्याचं एकेक बोट मिटवलं. पाचही.

"जाताना खालच्या वाटंनं जा."