बागेतली काळी माती

कोळशाची खाण संपली होती. मॅनेजर कारखानीस साहेबांनी दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यावर रोपं खोचून घेतली आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं, "जमीन पहिल्यासारखी झाली."

अधिकाऱ्याने दाखल्यावर सहीसाठी पेन काढलं, तशी सरपंच शेवंता मडावी पुढे झाली. सही झाली की ही ओसाडी कायमची गावाच्या गळ्यात पडणार होती. खाणीसाठी गावाच्या शेतांवरून खरवडलेली काळी माती तर साहेबांच्या बंगल्यातल्या बागेत पसरली होती.

"साहेब," ती कारखानीसांना म्हणाली, "जमीन येवढी चांगली झाली तर अदलाबदल करू न जी. इथली माती तुमच्या बागेत टाका, तिथली आम्हाले द्या."

"आणि माझे गुलाब मरू देऊ?" साहेब फटकन बोलून गेले.

अधिकाऱ्याने पेन खिशात ठेवलं.