केरबानं सावली लावली

गिरणीत दळण घेऊन उभी होते. पुढं दोघी बायका कुजबुजत होत्या. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. कान आपले त्या बाजूला होते, एवढंच.

"अगं, केरबानं म्हणे सासऱ्याला अंगणात पुर..."

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पुढचं काही ऐकू येईना. अंगणात पुरणपोळी वाढली, की अंगणात पुरलं? केरबा माझा शेजारी, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. मी त्याला ओळखते. पुरणपोळीचा विचार लगेच सोडला आणि दळण तिथंच ठेवून निघाले.

आमच्या गावात हा केरबा म्हणजे एकच भोळा माणूस. भोळा म्हणजे काय, तर सांगितलेलं ऐकतो. बाकी गावात कुणीच ऐकत नाही, म्हणून बाकी सगळे शहाणे.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत शहरातून एक मॅडम आल्या होत्या. पर्यावरण वाचवा म्हणाल्या. डोक्यावर प्लास्टिकचा भलामोठा फ्लेक्स, पुढ्यात प्लास्टिकच्या बाटल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, वडे खाल्ले आणि थर्माकोलच्या प्लेटा तिथंच टाकून घरी आलो. केरबाची बायको हौसा मात्र म्हणाली, "आपण करून बघू." तिनं दारात दोन बादल्या ठेवल्या. "अहो, ही ओल्या कचऱ्याची, ही सुक्या कचऱ्याची. दोन्ही नीट भरा."

"कळलं," केरबा म्हणाला.

दुपारी बघते तर त्याच्या दोरीवर केळाच्या साली चिमटे लावून वाळत घातलेल्या. मधल्या भिंतीवर माझ्या पापडांशेजारी चहाचा चोथा पसरलेला.

"काय रे केरबा हे?"

"काकू, सुक्याची बादली रिकामी होती."

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, ओलं वाळवायचं नसतं! ओलं दिसलं की परसातल्या खड्ड्यात टाकायचं. त्याचं खत होतं."

"आता कळलं."

केरबा 'कळलं' म्हणाला की मी भिंतीपाशी येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी हौसानं धुणं पिळून बादलीत ठेवलं आणि ती दोरी पुसायला गेली. परत आली तर बादली रिकामी. दोन साड्या, एक चादर आणि केरबाचा लग्नातला सदरा, सगळं खड्ड्यात. वरून शेणही टाकलेलं.

"ओलं होतं," केरबा म्हणाला.

"अहो, कापड कुणी टाकतं का? फाटलं तर त्याची पिशवी शिवायची. दुकानात जाताना ती न्यायची. काहीही आणायचं ते पिशवीतनं आणायचं!"

"आता कळलं."

संध्याकाळी केरबा पिशवी घेऊन दोन लिटर दूध आणायला गेला. घरी पोचला तेव्हा पिशवी रिकामी होती. मागं मात्र सहा मांजरं होती. त्यातलं एक आमचं.

आता मात्र हौसा तरातरा आत गेली. तिनं बोचकं बांधलं. "मी माहेरी चालले. परवा माझे आबा येतील. तुमचं वागणं बघतील आणि नीट वाटलं, तरच मला पाठवतील."

केरबाचा चेहरा एवढासा झाला. "मग मी काय करू?"

"एवढं ऊन आणि घरापुढं सावली नाही. एक झाड तरी लावा. खड्डा काढा, सरळ उभं करा, माती दाबा, काठीचा आधार द्या, काट्यांचं कुंपण घाला, पाणी घाला. आणि आबांना जपा. ते म्हणजे आपल्या घरावरची सावली आहेत."

"आता कळलं."

दोन दिवस बिचारा चटणी-भाकरी खाऊन खड्डा काढत होता. मी कालवण दिलं, तर म्हणाला, "हौसा आल्यावर जेवीन." मला गलबलून आलं. शहाण्या नवऱ्यांनी असं काही केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर मी गिरणीतनं धावत आले.

अंगणात आबा गुडघ्यापर्यंत मातीत होते. गुडघ्याच्या वरचे आबा शाबूत होते आणि ओरडत होते. पाठीला बांबू, बांबूला सुतळीनं आवळलेले. भोवती बाभळीचे काटे. केरबा तांब्यानं पाणी घालत होता.

"केरबा! अरे, सासऱ्याला पुरलंस?"

"काहीतरीच काय काकू! पुरलंय कुठं? लावलंय."

"अहो वहिनी," आबा रडकुंडीला आले होते, "खड्डा बघून मला वाटलं, जावई सुधारला. खोली बघायला म्हणून कौतुकानं आत उतरलो. हा माती लोटायला लागला! मी हललो की म्हणतो, मामा, हलू नका, मुळं सुटतील!"

मी काटे ओढायला लागले. केरबा मध्ये आला. "काकू, कुंपण काढू नका. शेळ्या खातील."

"जावईबापू," आबांनी हात जोडले, "माझ्या हौसाशिवाय तुम्हाला कुणी आवरायचं नाही. तिला आजच्या आज बोलवून घेतो. हा घ्या माझा फोन. आधी फोन लावा!"

"हौसा येईल?"

"फोन लावा, येईल!"

केरबाचे डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हातांत फोन घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, नवरा-बायकोचं बोलणं आहे, आपण कशाला ऐका? म्हणून मी काटे ओढता ओढता एकच कान तिकडं ठेवला.

बोलणं काही ऐकू येईना. पाण्याचा आवाज आला.

वळून बघते तर वीतभर खड्डा बुजवून केरबा मातीवर हळूच थापट्या मारत होता. शेजारी काडी रोवलेली.

"लावला मामा," तो हात झटकत म्हणाला. "तुमच्याच सावलीत लावलाय. आता लागला, की हौसा आलीच."